पिच बेंडची रेंज किती ठेवावी आणि मॉड्युलेशन व्हीलला काय जोडावं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: सिंथवर (सिंथेसायझरवर) एका आवाजात पिच बेंड (व्हीलने सूर वरखाली सरकवणं) एका स्वरापुरता सरकतो, दुसऱ्यात थेट सप्तक पार करतो. मॉड्युलेशन व्हील कुठे सूर थरथरवतं, कुठे आवाजाचा पोत बदलतं आणि कुठे ढिम्म काही करत नाही. त्यात कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला की पुन्हा सगळं वेगळंच. हा वाद्यातला दोष नाही. कोणती गोष्ट कुठे ठरते हे एकदा कळलं की ही सगळी लक्षणं जागच्या जागी उलगडतात.

व्हीलला सूर कळत नाही. आपण आत्ता किती अंश फिरलो आहोत, एवढंच ते सांगतं. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या ठरलेल्या भाषेत, पिच बेंडचा संदेश ० ते १६३८३ एवढा असतो आणि मधली जागा ८१९२. काही सॉफ्टवेअर हीच मधली जागा ० धरून वर ८१९१ आणि खाली उणे ८१९२ दाखवतात. दोन्हींचा अर्थ एकच. आता ‘पूर्ण वर’ हा निरोप मिळाल्यावर सूर दोन सेमीटोन (काळ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढवायचा की बारा, हा निर्णय आवाज तयार करणाऱ्या भागाचा. म्हणून रेंज नावाचं सेटिंग व्हीलजवळ शोधू नका, त्या पॅचच्या, म्हणजे सिंथमध्ये साठवलेल्या त्या आवाजाच्या, आत शोधा. बहुतेक सिंथमध्ये ते ‘कॉमन’, ‘कंट्रोलर’ किंवा ‘पिच’ अशा पानावर असतं. कॉम्प्युटरला जोडल्यावर घोटाळा का होतो तेही यातच आलं: सिंथच्या आत तुम्ही १२ ठेवलं असेल, पण यूएसबीतून बाहेर जाते ती फक्त व्हीलची जागा, १२ हा आकडा आपोआप सोबत जात नाही. पलीकडचं सॉफ्टवेअर वाद्य २ वर असेल, तर सूर दोनच सेमीटोन सरकणार.

मग रेंज किती? जनरल मिडीत (मिडी वाद्यांसाठीच्या सामायिक नियमांत) सुरुवातीची रेंज दोन्ही बाजूंना २ सेमीटोन धरलेली आहे आणि माझं मतही बऱ्याच अंशी तेच आहे. मात्र त्यामागचं कारण पाहू, कारण तेच बाकीचे निर्णय घ्यायला उपयोगी पडतं. स्प्रिंगच्या बेंड व्हीलवर हमखास सापडणाऱ्या जागा तीनच: मध्य, वरचं टोक आणि खालचं टोक. या तीन ठिकाणी सूर चुकू शकत नाही. मधली प्रत्येक जागा कानाने शोधावी लागते. त्यामुळे तुमच्या वाजवण्यात जे अंतर सर्वांत जास्त वेळा लागतं, ते टोकावर यावं अशी रेंज ठेवायची. बहुतेकांच्या बाबतीत ते अंतर पूर्ण स्वराचं, म्हणजे दोन सेमीटोनांचं निघतं.

पांढरी एकचा सा धरून बघू. रे वरून शुद्ध ग वर जायचं तर दोन सेमीटोन: रे ची पट्टी दाबा, व्हील टोकापर्यंत ढकला, ग बिनचूक लागतो. शुद्ध ग वरून म वर जायचं तर एकच सेमीटोन, म्हणजे अर्धा प्रवास. इथे हात अंदाजाने थांबवायचा असल्यामुळे सूर डगमगतो. यावर उपाय असा की सुरुवात अंदाजाने करा आणि शेवट पक्क्या जागी होऊ द्या. ग ऐवजी म ची पट्टी दाबायची, पण व्हील आधीच अर्धं खाली नेऊन. आवाज ग च्या आसपास सुरू होतो आणि व्हील मध्यावर आणलं की म तंतोतंत बसतो. सुरुवातीचा स्वर किंचित इकडेतिकडे झाला तरी खटकत नाही, मुक्कामाचा स्वर हलला तर लगेच खटकतो. म वरून ग वर उतरतानाही तेच: ग ची पट्टी, व्हील आधी अर्धं वर, मग हळूहळू मध्यावर. एक मात्र सांभाळा. व्हील परत येताना बोट काढून घेऊ नका. स्प्रिंग झटक्याने मध्यावर आपटते आणि मींड तुटल्यासारखी ऐकू येते. परतीचा वेग तुमच्या बोटाचा हवा.

सा वरून थेट शुद्ध ग, म्हणजे चार सेमीटोन, किंवा सा वरून म, म्हणजे पाच, अशा लांब मींडा तुम्ही नेहमी घेत असाल तर त्यासाठी त्याच आवाजाची वेगळी प्रत करून तिची रेंज ५ ठेवा. सगळे पॅच मात्र ५ वर नेऊ नका. हाताला रेंजची सवय लागते. प्रत्येक आवाजात ती बदलत राहिली तर कोणतीच पक्की होत नाही. माझा नियम ढोबळ आहे: सुरेल सोलो आवाज सगळे २ वर, ठरवून केलेले एकदोन अपवाद वेगळ्या बँकेत. आणि प्रवास सप्तकभराचा असेल तर बेंडच्या मागे न लागता पोर्टामेंटो (एका पट्टीवरून दुसरीवर सूर आपोआप घसरवणारी सोय) वापरा. आवाज मोनो (एका वेळी एकच स्वर) आणि लेगाटो करायचा. मग जोडून वाजवलेल्या पट्ट्यांमध्येच सूर घसरतो आणि तोडून वाजवलेला स्वर स्वच्छ उठतो.

१२ ची रेंज ऐकायला भारी वाटते, हातात मात्र वाईट असते. व्हीलचा मध्यापासून टोकापर्यंतचा प्रवास ३ सेंटिमीटर धरला, तर १२ च्या रेंजमध्ये एक सेमीटोन अडीच मिलिमीटरवर येतो. वेगात वाजवताना इतक्या बारीक जागेवर बोट थांबवणं अवघडच. दुसरी अडचण आकड्यांची. संदेशात १६३८४ पायऱ्यांची सोय असली तरी अनेक स्वस्त कीबोर्ड प्रत्यक्षात १२८ च पायऱ्या पाठवतात. २ च्या रेंजला एकूण ४०० सेंट (एका सेमीटोनाचे १०० सेंट), म्हणजे प्रत्येक पायरी साधारण ३ सेंटची. कानाला ती सलग वाटते. १२ च्या रेंजला २४०० सेंट, पायरी जवळपास १९ सेंटची. सावकाश बेंड दिला की सूर पायऱ्या उतरल्यासारखा कडकड करतो. तुमच्या सिंथवर असं होत असेल तर आधी रेंज कमी करून पाहा, वाद्याला नावं नंतर ठेवा.

वर आणि खाली वेगवेगळी रेंज ठेवता आली तर ती सोय जरूर वापरा. वर २ आणि खाली १२ ही जोडी सिंथ लीडला फार छान बसते: वर जाताना नेहमीचे स्वर, आणि ओळीच्या शेवटी सूर खोल खाली सोडून देता येतो. पियानोसाठी मी रेंज सरळ ० करतो. पियानोचा सूर वाजल्यावर सरकत नाही आणि घाईत व्हीलला हात लागला तर पूर्ण साथ बेसूर होते. रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांवर चालणाऱ्या बासरी किंवा व्हायोलिनसारख्या आवाजांनाही मोठी रेंज मानवत नाही; तीनचार सेमीटोनांच्या पुढे सुरासोबत आवाजाचा गाभाही ताणला जातो आणि वाद्य खेळण्यातलं वाटू लागतं.

रेंज दुसऱ्या वाद्याला मिडीवरूनच कळवायची असेल तर त्याची ठरलेली रीत आहे. त्या चॅनलवर एकामागून एक सीसी (मिडीतले क्रमांक दिलेले कंट्रोल संदेश) पाठवायचे: सीसी १०१ ला ०, सीसी १०० ला ०, मग सीसी ६ ला हवे तेवढे सेमीटोन, सीसी ३८ ला ०, आणि शेवटी सीसी १०१ आणि सीसी १०० दोन्हींना १२७. शेवटचे दोन संदेश लोक गाळतात. ते दरवाजा बंद करणारे संदेश आहेत. ते नसले तर पुढे कधी दुसऱ्या कामासाठी सीसी ६ हलला की रेंज पुन्हा बदलते. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं गाण्याच्या पहिल्या स्वराच्या थोडं आधी ठेवा. दोन गोष्टी लक्षात असू द्या. या रीतीने दोन्ही बाजूंची रेंज सारखीच ठरते, वर २ आणि खाली १२ असला प्रकार त्या वाद्यातच करावा लागतो. आणि सगळी सॉफ्टवेअर वाद्यं हा निरोप मानत नाहीत. ज्यांना तो कळत नाही त्यांच्या पडद्यावर जाऊन आकडा हाताने भरायचा. दोन आवाज एकावर एक चढवून वाजवत असाल तर दोन्हींची रेंज एकच आहे का हे तपासा. एकाची २ आणि दुसऱ्याची ३ असेल तर बेंड देताच दोन आवाज एकमेकांशी भांडू लागतात आणि दोष मात्र ट्यूनिंगवर जातो.

आता मॉड्युलेशन. हे सीसी १ आहे, ० ते १२७, आणि याला ठरावीक असं कामच नाही. सवयीने त्यावर व्हायब्रेटो (सुराची थरथर) दिलेला असतो म्हणून अनेकांना मॉड व्हील म्हणजे व्हायब्रेटो वाटतं. व्हायब्रेटो लावताना नवख्यांचा गोंधळ ठरलेला: मॉड्युलेशनच्या तक्त्यात स्रोत म्हणून मॉड व्हील निवडतात, लक्ष्य म्हणून पिच, आणि व्हील वर नेलं की सूर थरथरण्याऐवजी नुसता चढत जातो. बरोबरच आहे, कारण व्हील थेट सुराला जोडलं. थरथर निर्माण करतो तो एलएफओ, म्हणजे सावकाश वरखाली होणारी लाट देणारा भाग. म्हणून स्रोत एलएफओ, लक्ष्य पिच, आणि त्या दोघांमधल्या खोलीवर (परिणामाच्या प्रमाणावर) मॉड व्हीलचा ताबा, अशी तिपेडी जोडणी लागते. तक्त्यात या तिसऱ्या रकान्याचं नाव बहुधा ‘व्हाया’ किंवा ‘कंट्रोल’ असतं. साध्या सिंथमध्ये तक्ता नसतो. तिथे एलएफओच्याच पानावर ‘मॉड व्हील डेप्थ’ असा एक आकडा मिळतो.

खोलीचा आकडा बहुतेक फॅक्टरी आवाजांत मला जास्त वाटतो. व्हील टोकाला असताना सूर वरखाली ३० ते ४० सेंट हलला की पुरे. सोलो सिंथला फार तर ५०. म्हणजे व्हीलचा पूर्ण प्रवास कामाचा होतो. खोली १०० सेंट ठेवली तर वरचा अर्धा प्रवास तुम्ही कधीच वापरणार नाही आणि खालच्या अर्ध्यात बोट जपून हलवत बसाल. वेग सेकंदाला ५ ते ६ आंदोलनं, लाट साइन किंवा ट्रायअँगल. चौकोनी लाट लावली तर सूर दोन स्वरांत उड्या मारतो. तो वेगळा परिणाम आहे आणि मुद्दाम हवा असेल तरच लावा. गिटारसारखा आवाज असेल तर लाट फक्त वरच्या बाजूला ठेवा. बोटाने तार ओढली की सूर चढतोच, मूळ सुराच्या खाली तो सहसा जात नाही. सिंथमध्ये ‘युनिपोलर’ असा पर्याय असला तर तो यासाठीच. आणखी एक बारकावा: आवाजात आधीच उशिराने सुरू होणारा व्हायब्रेटो भरलेला असेल तर तो आधी शून्य करा. नाहीतर व्हील खाली असतानाही सूर हलत राहतो, आणि व्हील वर नेल्यावर दोन थरथरी एकमेकींत मिसळतात.

पण निव्वळ व्हायब्रेटोवर थांबू नका. गायक किंवा वादक सूर हलवतो तेव्हा फक्त सूर हलत नाही, आवाजाची धार आणि जोरही बदलतो. म्हणून मी मॉड व्हीलला व्हायब्रेटोसोबत फिल्टरचा कटऑफ (आवाजाची धार कुठपर्यंत मोकळी सोडायची ती मर्यादा) थोडा वर आणि आवाजाची पातळी अगदी किंचित वर, असं तिन्ही जोडतो. प्रत्येक आकडा इतका लहान ठेवायचा, की तो एकटा ऐकला तर जेमतेम जाणवेल. तिन्ही मिळून आवाज पुढे झुकल्यासारखा वाटतो. एलएफओचा वेगही व्हीलबरोबर जरासा वाढवता आला तर आणखी चांगलं.

फिल्टरच्या बाबतीत ‘व्हील काही करतच नाही’ ही तक्रार फार येते आणि कारण बहुतेकदा एकच असतं: कटऑफ आधीच पूर्ण उघडा आहे. व्हील त्यात भर घालतं, पण भर घालायला जागाच नाही. कटऑफ खाली आणा, व्हील टोकाला न्या आणि तिथे आवाज किती उघडायला हवा तेवढी खोली वाढवा. म्हणजे आधी दोन टोकं ठरवायची: व्हील खाली असताना आवाज कसा, वर असताना कसा. मधलं आपोआप जमतं. उघडा आवाज व्हीलने बंद करायचा असेल तर खोली उणे घ्या. व्हील फिरवताना आवाजात बारीक खरखर येत असेल तर ती १२८ पायऱ्यांची; ‘स्मूदिंग’ किंवा ‘लॅग’ असा पर्याय असेल तर थोडा वाढवा.

काही आवाजांत व्हीलचं काम आधीच ठरलेलं असतं, तिथे ढवळाढवळ नको. ऑर्गनमध्ये ते बहुधा फिरत्या स्पीकरचा वेग हळूवरून जलद करतं. वाद्यवृंदाच्या अनेक सॅम्पल लायब्ररींमध्ये सीसी १ वर वाजवण्याचा जोर असतो. व्हील शून्यावर असेल तर व्हायोलिनचा ताफा जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘लायब्ररी टाकली पण आवाजच नाही’ असं झालं की सर्वांत आधी व्हील वर करून बघा. यामाहाच्या डीएक्स७ सारख्या १९८३ च्या वाद्यातही व्हीलची खोली आणि ती सुराला, आवाजाच्या पातळीला की एन्व्हलपच्या (आवाज कसा उठतो आणि विरतो त्याच्या) झुकावाला जोडायची हे वेगवेगळं निवडता येत असे. त्यात बेंडही सेमीटोनांच्या पायऱ्यांत चालवायची सोय होती. सरगम ठोकळ्यांसारखी हवी असेल तेव्हा ती मजेदार, मींडेला निरुपयोगी.

यंत्राच्या घडणीचाही फरक पडतो. १९७० च्या मिनीमूग सिंथमध्ये ही दोन व्हील्स पट्ट्यांच्या डावीकडे आली आणि ती जागा आजही तशीच आहे. त्याच्या पिच व्हीलला स्प्रिंग नव्हती, मध्यावर फक्त एक खाच होती. त्यामुळे मध्याच्या आजूबाजूला बोटानेच सूर हलवणं सोपं जात असे; महाविष्णु ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये कीबोर्डवादक यान हॅमर यांनी मिनीमूगवर गिटारच्या तोडीच्या ओळी वाजवल्या त्या बेंडच्या जोरावर. स्प्रिंग असलेल्या व्हीलवर हाच हाती व्हायब्रेटो मध्यापेक्षा थोडं वर राहून घ्यावा, मध्यातून आरपार जाताना अडखळतो. रोलँडच्या दांडीत आडवी हालचाल बेंडची आणि पुढे ढकलणं मॉड्युलेशनचं. हात काढला की दोन्ही शून्यावर येतात, म्हणून मॉड्युलेशन कायम चालू ठेवायचं असेल तर ते दुसऱ्या नॉबला किंवा पेडलला द्यावं लागतं. कॉर्गच्या जॉयस्टिकला पुढे आणि मागे अशा दोन वेगळ्या दिशा मिळतात. पुढे व्हायब्रेटो आणि मागे फिल्टर ही वाटणी सोयीची आहे. याउलट साधं मॉड व्हील जिथे सोडाल तिथेच राहतं. आवाज बदलण्याआधी ते खाली आणायची सवय लावा. नाहीतर पुढचा आवाज थरथरतच सुरू होतो, किंवा व्हील हलवेपर्यंत त्याची दखलच घेत नाही.

डावा हात कॉर्डमध्ये अडकलेला असतो ही खरी अडचण आहे. सिंथला आफ्टरटच असेल तर व्हायब्रेटो त्यावर द्या: पट्टी दाबल्यावर जास्त भार दिला की थरथर, आणि डावा हात मोकळा असेल तेव्हा बेंडला. भार सगळ्या सुरांना मिळून एकच मोजला जातो की प्रत्येकाला वेगळा, हे वाद्यावर अवलंबून आहे. सोलोला पहिल्या प्रकारानेही काम भागतं. आफ्टरटच नसेल तर एक्स्प्रेशन पेडल सीसी १ वर नेमा. पेडल उलटं चालू लागलं तर घाबरू नका, कंपन्यांच्या जोडण्या वेगळ्या असतात. पेडलवर किंवा सिंथच्या मेनूमध्ये पोलॅरिटी बदलता येते.

कॉर्ड धरून त्यातला एकच स्वर बेंड करता येईल का, हेही अनेकजण विचारतात. साध्या मिडीत येत नाही, कारण बेंडचा निरोप पूर्ण चॅनलला लागू होतो. तो स्वर वेगळ्या चॅनलवर वाजवणं हा जुना उपाय. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत तेच आपोआप होतं, प्रत्येक स्वराला स्वतःचं चॅनल मिळतं. तिथे स्वरांच्या चॅनलवर बेंडची सुरुवातीची रेंज ४८ सेमीटोन असते. असा कीबोर्ड साध्या आवाजाला जोडला तर बोट सरकवूनही सूर जेमतेम हलतो. आवाजाची रेंजही ४८ करा.

व्हीलला हात न लावता सूर किंचित चढा किंवा उतरा वाटत असेल तर मिडी मॉनिटर (येणारे मिडी संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा. स्थिर व्हील ८१९२ सोडून दुसरा आकडा पाठवत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (व्हीलची जागा मोजणारा भाग) सरकला आहे. सिस्टिम मेनूमध्ये कॅलिब्रेशन असेल तर ते करा; नसेल तर आत साफसफाई किंवा दुरुस्ती लागेल. रेकॉर्डिंगमध्ये हाच बेसूरपणा फक्त काही ठिकाणी येत असेल तर कारण वेगळं: बेंडच्या मध्येच रेकॉर्डिंग थांबलं किंवा तुकडा कापला गेला, मध्यावर परत आल्याचा निरोप उरलाच नाही, आणि पुढचा प्रत्येक स्वर सरकलेलाच राहिला. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला बेंड मध्यावर आणि सीसी १ शून्यावर असा एक एक बिंदू ठेवला की हे टळतं. वाजवताना अडकलं तर सीसी १२१ पाठवा, दोन्ही मूळ जागी येतात.

बदल करून झाल्यावर ते साठवा. फॅक्टरी पॅचवर लिहू नका, यूझर बँकेत वेगळ्या नावाने ठेवा. सिंथमध्ये परफॉर्मन्स किंवा मल्टी असा मोड असेल तर तिथे एकदा तपासा, कारण तिथला बेंडचा आकडा काही वाद्यांत पॅचच्या आकड्यावर कुरघोडी करतो, आणि पॅचमध्ये बरोबर भरलेले २ तिथे गेल्यावर पुन्हा १२ झालेले दिसतात.